मदत हवी आहे: थीसिसविना एमएस, बीईचा मेटलर्जी पेपर ग्राह्य धरतात का?

अमेरिकेत मटेरियल सायन्समध्ये कोर्सवर्क एमएस करतोय. ३० क्रेडिट, थीसिस नाही, एफ-१ (विद्यार्थी) व्हिसा. बीई मेकॅनिकल असल्याने विभागाने अंडरग्रॅडचा मटेरियलचा कोर्स गळ्यात मारलाय, आणि तो ३० मध्ये धरत नाहीत. फी मात्र पूर्ण! बीईच्या मेटलर्जीचा सिलॅबस अ‍ॅडव्हायझरला पाठवला. लोह-कार्बन आकृती, टीटीटी कर्व्ह, हीट ट्रीटमेंट, सगळं आहे त्यात. उत्तर एवढंच, 'पिटिशन टाक', म्हणजे त्या कोर्समधून सूट मिळावी असा अर्ज कर. ऑनलाइन करून टाक असं कृपया सुचवू नका. एफ-१ वर पूर्णवेळच्या हिशेबात सत्राला एकच ऑनलाइन कोर्स धरतात, तो आधीच घेतलाय.

मेकॅनिकलमधून आलेल्या कुणाची अशी पिटिशन मंजूर झालीय का? नुसत्या सिलॅबसवर भागलं, की जुन्या प्राध्यापकांचं पत्र आणि प्रश्नपत्रिकाही जोडाव्या लागल्या?