मदत हवी आहे : हौद्यात बसणाऱ्या कॅम्परसाठी पिकअपचं कोणतं इंजिन घ्यावं?

नमस्कार मंडळी. परभणीचा आहे. पिकअपच्या हौद्यात ठेवता-काढता येईल असा झोपायचा कॅम्पर बनवून घेतलाय. वजनकाट्यावर रिकामा ६२० किलो भरला. पाणी, गॅस, बॅटरी, सामान धरून ८५० किलोपर्यंत जातो. उंची टपाच्या वर जवळपास तीन फूट, त्यामुळे वारा चांगलाच अडतो.

मागच्या महिन्यात ओळखीच्याची जुनी २.५ लिटर डिझेल पिकअप कॅम्पर ठेवून चालवून पाहिली. सपाटीला काहीच अडचण नाही. मांजरसुंब्याच्या घाटात मात्र दुसऱ्या गिअरवरच चढावं लागलं आणि काटा गरमकडे सरकला. रेडिएटर साफ होता, कूलंट नवीन होतं, टायरची हवा बरोबर होती. मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) भारानं दबलेही नाहीत.

आता स्वतःची घ्यायचीय. टाटा योद्धा (२.२ लिटर, टॉर्क म्हणजे ओढ २५० न्यूटन मीटर) की बोलेरो पिकअप (२.५ लिटर, २०० च्या आसपास)? इसुझूच्या व्ही-क्रॉस पिकअपचं १.९ लिटर इंजिन ३६० न्यूटन मीटर देतं, पण तिची भारक्षमता माझ्या वजनाला पुरत नाही, म्हणून ती बाद. सीएनजीही नको, टाकीचं वजन वाढतं. कॅम्पर उतरवून गाडी सोयाबीन वाहायलाही लागणार, म्हणून पाट्यांची पिकअपच हवी. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर असतो, हेही धरा.

ज्यांनी यांपैकी कोणतीही गाडी भर उन्हात, उंच बॉडी आणि ८००-९०० किलो घेऊन घाटात चालवलीय, त्यांनी सांगावं : तिसऱ्या गिअरवर १५०० ते २००० आरपीएमला ती चढ ओढते का, आणि इंजिन तापतं का?