मदत हवी आहे: वाईसाठी सूर्यप्रकाशाची खात्रीची आकडेवारी कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. वाईजवळ आमची पिठाची गिरणी आहे. पत्र्यावर 10 किलोवॉटचं सोलर बसवायचंय. विक्रेता वर्षाची सरासरी दाखवतो, पण माझी चिंता जुलै-ऑगस्टची आहे. शेजारच्यांच्या 3 किलोवॉटच्या मीटरवर एप्रिलात रोज 13-14 युनिट दिसायची. जुलैच्या झडीत एके दिवशी जेमतेम 3.

नासाच्या 'पॉवर' संकेतस्थळावर फुकट आकडे मिळाले. पण त्यात सौर किरणांचा एकच आकडा ज्या चौकोनासाठी धरतात, त्याची एकेक बाजू साधारण 100 किलोमीटरची. आमच्याकडे तेवढ्यात सगळं बदलतं! महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि घाट उतरून तासाभरात वाईत आलं की कितीतरी कमी. दोन्हीकडच्या ढगांची सरासरी माझ्या काय कामाची?

पर्जन्यछायेच्या कडेला कुणी सोलर बसवलंय का? पावसाळ्यातली महिनावार युनिटं सांगाल का? आणि याहून बारीक, तालुक्यापुरती माहिती कुठे मिळते? हवामान खात्याचा ढगांचा अंदाज बघून दळणाच्या वेळा ठरवणारं कुणी असेल, तर त्यांचा अनुभव जरूर लिहा. कर्ज काढून करतोय, म्हणून आधीच विचारतो.