बेंचवर ब्रेकचे सॉफ्टवेअर एकदाही चुकले नाही, तर ट्रॅकवरच्या चाचण्या कमी कराव्यात का?

प्रश्न : बेंचवाला_पुणे
नमस्कार. मी पुण्यात गाड्यांच्या एबीएसचे, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाके लॉक होऊ न देणाऱ्या (फिरायची थांबू न देणाऱ्या) यंत्रणेचे, सॉफ्टवेअर तपासणाऱ्या गटात काम करतो. आमच्या बेंचवर, म्हणजे प्रयोगशाळेतील चाचणीच्या मांडणीत, ईसीयू (हे सॉफ्टवेअर चालवणारा गाडीतला छोटा संगणक) खरा असतो, परंतु चाके, रस्ता आणि चाकांच्या वेगाचे सिग्नल हे सारे संगणकातील मॉडेल पुरवते. नुकत्याच झालेल्या फेरीत दहा हजार केसेस एकही चूक न होता पास झाल्या, त्यामुळे ट्रॅकवरच्या चाचण्यांचे दिवस निम्मे करावेत असा प्रस्ताव आला आहे. मला तो पटत नाही, पण बैठकीत नेमके काय कारण द्यावे हे सुचत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : कक्षा_निरीक्षक
आपण एरियान ५ च्या पहिल्या उड्डाणाचे उदाहरण द्यावे. ४ जून १९९६ रोजी हे रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्याची दिशा आणि स्थिती मोजणाऱ्या यंत्रणेतील सॉफ्टवेअर एरियान ४ वरून तसेच उचललेले होते. नव्या रॉकेटचा आडवा वेग सुरुवातीलाच बराच जास्त असल्याने त्याच्याशी निगडित एक ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही, आणि राखीव संचातही तेच सॉफ्टवेअर असल्यामुळे दोन्ही संच पाठोपाठ बंद पडले. आपल्या प्रश्नाशी थेट संबंध आहे तो यापुढच्या भागाचा. रॉकेटच्या एकत्रित चाचण्यांमध्ये ही यंत्रणा प्रत्यक्ष जोडलेलीच नव्हती, तिच्या जागी तिचे मॉडेल होते, आणि मॉडेलमध्ये तो दोष असण्याचे काही कारणच नव्हते. अपघातानंतर खरे सॉफ्टवेअर आणि उड्डाणाचा खरा मार्ग वापरून सिम्युलेशन केले, तेव्हा तीच घटनामालिका जशीच्या तशी घडली. म्हणजे हा दोष सिम्युलेशनला जमिनीवरच सापडू शकला असता. मात्र कोणता भाग खरा ठेवायचा आणि कोणता मॉडेलवर सोपवायचा, हा निर्णय चुकला होता.

उत्तर : संख्याशास्त्र_वाचक
दहा हजार या आकड्याचे वजनही तपासून पाहावे. दहा हजारांपैकी एकही केस फसली नाही, तर ९५ टक्के विश्वासाने एवढेच म्हणता येते की चुकीचे प्रमाण दहा हजारांत तीनपेक्षा कमी आहे. तेही त्या केसेस प्रत्यक्ष वापरातून यादृच्छिकपणे निवडलेल्या असतील तरच. अभियंत्यांनी विचार करून लिहिलेल्या केसेसना ही अट सहसा लागू होत नाही. विमानात सर्वनाश घडवू शकणाऱ्या बिघाडासाठी अब्ज तासांत एक अशी मर्यादा मानतात, आणि अब्ज तास म्हणजे सुमारे १ लाख १४ हजार वर्षे. केवळ बेंच चालवत राहून ही खात्री कुणालाच मिळवता येत नाही.

उत्तर : गंजलेली_रिंग
माझा एक अनुभव सांगतो. आमच्या मॉडेलमधील चाकाची दातेरी रिंग (जिचे दात मोजून सेन्सर चाकाचा वेग कळवतो) अगदी गोल होती, त्यामुळे सेन्सरला मिळणारा सिग्नलही एकसारखा असे. ट्रॅकवर मात्र एका जुन्या गाडीची रिंग गंजून एका बाजूला फुगलेली निघाली. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात सेन्सर आणि रिंग यांमधील फट बदलत होती, आणि गाडी थांबण्याच्या बेतात असताना, म्हणजे सिग्नल आधीच क्षीण झालेला असताना, मधले काही दात मोजलेच जात नव्हते. सॉफ्टवेअरला चाक लॉक झाल्यासारखे वाटले, एबीएस सुरू झाले आणि कोरड्या रस्त्यावर पेडल पायाखाली थरथरू लागले. तो सिग्नल आम्ही रेकॉर्ड करून बेंचवर चालवला, तेव्हा बिघाड पहिल्याच फेरीत दिसला. त्या दिवसापासून ट्रॅकवरून आणलेले सिग्नल मॉडेलमध्ये घातल्याशिवाय आम्ही बेंचचा निकाल मान्य करत नाही. आपण ट्रॅकचे दिवस कमी करण्यापूर्वी मॉडेलचा सिग्नल आणि गाडीचा सिग्नल एकावर एक ठेवून पाहावेत.

बेंचवाला_पुणे
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्या मॉडेलमधील रिंगही अगदी गोलच आहे, हे आत्ताच तपासले. आहे ते वेळापत्रक तसेच ठेवून पहिले दोन दिवस जुन्या गाड्यांचे सिग्नल रेकॉर्ड करण्यासाठी द्यावेत, अशी मागणी मी सोमवारच्या बैठकीत करणार आहे.