केथनेसमध्ये गेलिक पाट्या कशाला?

उत्तरवारा: स्कॉटलंडच्या हायलँड भागात रस्त्यांच्या पाट्यांवर इंग्रजीच्या जोडीला गेलिक (तिथली जुनी भाषा) नावं असतात. पश्चिमेला ठीक आहे. पण उत्तर टोकाच्या केथनेसमध्येही तोच आग्रह? विक, लिब्स्टर, स्क्रॅबस्टर ही नावं व्हायकिंगांची, नॉर्स. त्यात २०२२च्या जनगणनेनुसार गेलिकची थोडीफार जाण असलेले अख्ख्या देशात अडीच टक्के. हा निव्वळ हट्ट वाटतो.

रानभूल: केथनेस म्हणजे नुसता पूर्व किनारा नव्हे. रे, हॅलकर्क, लॅथरन या पॅरिशांमध्ये (चर्चच्या हद्दीनुसारच्या विभागांमध्ये) एकोणिसाव्या शतकातही गेलिक बोलली जायची. आणि विकचं गेलिक नाव इनविर ऊइग. 'इनविर' म्हणजे नदीचं मुख, 'ऊइग' हे तुमचंच नॉर्स 'विक'. भांडताय तुम्ही, नावं केव्हाची एकत्र नांदतायत!

उत्तरवारा: नांदू देत. गाडी चालवणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

घाटवेडी: गाडीतून उतरून बघा. नकाशावर 'म्याउल' दिसलं की गोलसर, बोडका डोंगर. 'स्गूर' दिसलं की सुळका, हात टेकावे लागणार. 'ब्यालख' म्हणजे खिंड. पश्चिम किनाऱ्यावरच्या ॲपलक्रॉस गावाला जाणारी ब्यालख ना बा ही गुरांची खिंड, उंची ६२६ मीटर. तिथून खरंच गुरं बाजाराला हाकत न्यायचे. (आता समोरून कॅम्परव्हॅन आली की गाडी मागे घेत बसायचं.) ॲपलक्रॉसच्या नावात ना सफरचंद, ना क्रूस. गेलिकमध्ये ते अ खोमरिख, अभयस्थान. ६७३ साली तिथे मठ झाला, त्याच्या हद्दीत शिरलेल्याला हात लावायचा नाही.

खवचट: आणि केर्नगॉर्म्स डोंगररांग? 'गॉर्म' म्हणजे निळा, ते एकाच शिखराचं नाव. आख्खी रांग गेलिकमध्ये अम मोनग रुअ, तांबडे डोंगर, कारण ग्रॅनाइट तांबूस. स्पे नदीपलीकडे मोनग लिअ, करडे. इंग्रजीने एका शिखराचं नाव सगळ्या रांगेला चिकटवलं. २००३ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, तेही इंग्रजीत निळं आणि गेलिकमध्ये तांबडं!

उत्तरवारा: डोंगरांचं मान्य. विकबद्दल मत तेच. पैसे घालायचेच तर लुईस, स्काय या बेटांवरच्या शाळांत घाला, तिथे घरात अजून गेलिक बोलतात.

रानभूल: शाळांचं शंभर टक्के खरं. पण जुनी पाटी बदलताना दुसरी ओळ रंगवायला शाळेइतका खर्च येत नाही हो.