घोडदळ: लढणारं दल, की घोड्यावरून येणारं पायदळ?

सांजवारा
अमेरिकेच्या यादवी युद्धावर (१८६१–६५; उत्तरेची संघराज्याची फौज विरुद्ध फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं) सध्या बरंच वाचतोय. माझं मत असं, की या चार वर्षांत घोडा हत्यार उरला नाही, वाहन झाला.

गेटिसबर्गच्या तीन दिवसांच्या लढाईची पहिली सकाळ बघा, १ जुलै १८६३. उत्तरेच्या जॉन ब्युफर्डने गावाच्या पश्चिमेला आपले स्वार घोड्यावरून उतरवले. दर चौथा गडी चार घोड्यांचे लगाम धरून मागे थांबला, म्हणजे गोळी सुटायच्या आधीच पाव फौज वजा! उरलेले कुंपणाआड पालथे पडून कार्बाइन (स्वारांची आखूड बंदूक) चालवत होते. ही कार्बाइन मागच्या बाजूने भरायची, त्यामुळे पडल्यापडल्या भरता यायची. पायदळाची बंदूक नळीच्या तोंडातून ठासायची, तिला उभं राहावं लागे. एवढ्या जोरावर त्यांनी दक्षिणेच्या हेथच्या डिव्हिजनला आपलं पायदळ येईपर्यंत थोपवून धरलं.

शेवटाला, २ एप्रिल १८६५ ला दक्षिणेतल्या सेल्मा शहरावर, उत्तरेच्या विल्सनचे स्वार घोडे मागे ठेवून चक्क पायी तटबंदीवर चालून गेले. हातात सात गोळ्यांची स्पेन्सर बंदूक. याला घोडदळ का म्हणायचं?

कडूकारलं
असहमत. सोयीची उदाहरणं वेचली आहेत. त्याच गेटिसबर्गला तिसऱ्या दिवशी, गावाच्या पूर्वेच्या मैदानात, उत्तरेच्या कस्टरचे मिशिगनचे स्वार समोरून येणाऱ्या दक्षिणेच्या घोडदळावर भरधाव जाऊन आदळले. त्याआधी ९ जूनला ब्रँडी स्टेशनला दिवसभर फ्लीटवुड टेकडीसाठी तलवारींची खणाखणी चालली होती. आणि १९ सप्टेंबर १८६४ च्या विंचेस्टरचं काय? उत्तरेचा सेनापती शेरिडन याच्या घोडदळाच्या पाच ब्रिगेड एकदम दौडत गेल्या आणि दक्षिणेची डावी बगल कोलमडली. हा सगळा प्रकार युद्धाच्या चौथ्या वर्षीचा आहे, साहेब.

नीट उभ्या असलेल्या पायदळावर घोडे घालणं वेडेपणाचं होतं, मान्य. पण ते नेपोलियनच्या शेवटच्या लढाईत, वॉटर्लूलाही तसंच होतं. फ्रेंच घोडदळ चौकोन करून उभ्या इंग्रज पायदळावर डोकं आपटून परत गेलं, तेव्हा कुठली आली होती स्पेन्सर? विंचेस्टरचं पायदळ आधीच हललेलं होतं, म्हणून घाव बसला. घोडदळाचं हे काम जुनंच आहे, बदललं काहीच नाही.

मीनल_के
आणि लांबच्या धाडी? जून १८६२ मध्ये दक्षिणेच्या घोडदळाचा प्रमुख स्टुअर्ट याने उत्तरेच्या मॅक्लेलनच्या अख्ख्या सैन्याला वळसा घातला. वर्तमानपत्रांना खाद्य मिळालं, त्यापलीकडे फार काही नाही (माझं मत). पुढच्या वर्षी तीच हौस नडली. उत्तरेच्या रसदीच्या सव्वाशे गाड्या पकडून त्या हाकत बसला आणि गेटिसबर्गला त्याचा सेनापती ली, टेहळणीला स्वारच नाहीत म्हणून, दोन दिवस आंधळा. याउलट उत्तरेचा ग्रिअरसन. मूळचा संगीतशिक्षक, लहानपणी घोड्याने लाथ मारल्यामुळे घोड्यांचा तिटकारा! तो १७०० स्वार घेऊन एप्रिल १८६३ मध्ये टेनेसीतून निघाला आणि रूळ उखडत, तारा तोडत सोळा दिवसांत दक्षिणेकडे उत्तरेच्या ताब्यातल्या बॅटन रूजला पोचला. तिकडे उत्तरेचा सेनापती ग्रँट याला मिसिसिपी नदी ओलांडायला रान मोकळं.
अवांतर: याला लगेच 'त्यांचा गनिमी कावा' म्हणू नका, प्लीज.

नालबंद
तुम्ही सगळे तलवार-बंदुकीवर भांडताय, घोड्याच्या पोटाकडे कुणाचं लक्ष नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर दक्षिणेचे स्वार शिलेदार होते आणि उत्तरेचे बारगीर, म्हणजे घोडा सरकारचा. दक्षिणेत घोडा ज्याचा त्याने आणायचा. सरकार दिवसाला ४० सेंट भाडं देई. लढाईत मेला तर भरपाई, पण लंगडला किंवा रोगाने गेला तर तुमचं तुम्ही बघा. मग रजा काढून घरी जायचं, नवा घोडा शोधायचा, तोवर राऊत पायी. सुरुवातीला हे फायद्याचं होतं, घरचा घोडा, अंगवळणी पडलेला. १८६३ नंतर घरीच घोडे उरले नाहीत.

उत्तरेने जुलै १८६३ मध्ये घोडदळासाठी वेगळं खातंच काढलं, वॉशिंग्टनजवळ गिस्बरोला मोठी पागा उभारली. एका घोड्याचा रोजचा ठरलेला खुराक साडेपाच किलो दाणा आणि सहा किलोंवर वाळकं गवत. दहा हजार घोड्यांना रोज पन्नास टनांहून जास्त दाणाच झाला. आमच्या आजोबांचा साताऱ्यात टांगा होता. एक नाल निखळली की त्या दिवसाचा धंदा बसायचा, आणि तेही घोड्याला आधी तोबरा, मग स्वतःला भाकरी. विंचेस्टरची दौड बघताना तो तोबरा कोण भरत होतं तेही बघा.

सांजवारा
नालबंद, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. विंचेस्टरबद्दल कडूकारलं यांचं अर्धं मान्य. पण अ‍ॅपोमॅटॉक्स बघा, जिथे माघार घेणाऱ्या लीने शेवटी शरणागती पत्करली. ८ एप्रिल १८६५ ला कस्टरने स्टेशनावर लीची रसद घेऊन आलेल्या गाड्या पकडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेचे स्वार रस्ता अडवून पायीच लढले आणि मागे सरले, तर मागे उत्तरेचंच पायदळ उभं! लीच्या पुढे जाऊन पोचायला घोडा, अडवायला कार्बाइन. वाहनच की.

कडूकारलं
मग रशियाच्या यादवीत १९१९ मध्ये लाल सेनेच्या बुद्योन्नीची अख्खी घोडदळ सेना कुठून उगवली? पहिल्या महायुद्धाच्या मशीनगननंतर? आघाडी अफाट, माणसं विरळ, खंदकांची सलग रांग नाही, की घोडा परत आला. हत्यार नाही, मोकळी जागा ठरवते.

सांजवारा
तिथेही घोडागाडीवर मशीनगन लादून फिरत होते. तचांका. पुन्हा वाहनच! 😀

नालबंद
जाता जाता एक. शरणागतीच्या बैठकीत लीने ग्रँटला सांगितलं, आमच्याकडे स्वारांचे आणि तोफखान्यातल्यांचे घोडे त्यांचे स्वतःचे आहेत. उत्तरेत तसं नव्हतं, ग्रँटला ते नवीन होतं. शरणागतीच्या अटींचा मजकूर त्याने बदलला नाही, पण ज्याचं जनावर त्याला घरी नेऊ द्यायचा हुकूम दिला. पेरणीचे दिवस होते.

कडूकारलं
हे वाचलं नव्हतं. विंचेस्टरवर मात्र मी ठाम आहे.