'पोर्ट' असलेले सगळे शब्द एका मुळाचे नाहीत

पी, ओ, आर, टी ही चार अक्षरे ज्या इंग्रजी शब्दात सलग येतात, त्यात वाहून नेण्याचा अर्थ असतोच, असा एक दावा केला जातो. इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट, पोर्टेबल यांना ते पूर्णपणे लागू पडते, कारण त्यांच्या मुळाशी 'पोर्तारे' हे लॅटिन क्रियापद आहे. रिपोर्ट हाही त्यातलाच, म्हणजे मुळात परत आणून पोहोचवलेली वार्ता.

बंदर या अर्थाचा 'पोर्ट' मात्र 'पोर्तुस' या नामापासून आला. येथे इंदूरला मराठी मुलांना इंग्रजी शिकवताना 'ऑपॉर्च्युनिटी'पाशी मी मुद्दाम थांबतो, कारण तो याच 'पोर्तुस'चा आहे आणि त्यामागे जहाजाला बंदराकडे नेणारा अनुकूल वारा आहे. समुद्र न पाहिलेल्या मुलांनाही हे चित्र चटकन पटते व शब्द कायमचा लक्षात राहतो. पोर्टल 'पोर्ता'चा, म्हणजे दाराचा. पोर्टर तर एकाच स्पेलिंगचे दोन शब्द आहेत: रेल्वे स्टेशनवर सामान उचलणारा 'पोर्तारे'चा, दारावर उभा असणारा 'पोर्ता'चा. पोर्शन आणि प्रपोर्शन यांचे मूळ 'पोर्तिओ', म्हणजे वाटा, हे आणखी निराळेच आहे.