मदरबोर्ड गेलेल्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमधून फाइल आणि सेटिंग काढता येतात का?

प्रश्न:
नमस्कार मंडळी, परवापासून डेस्कटॉप चालूच होत नाहीये. बटण दाबलं की पंखा जेमतेम हलतो आणि थांबतो, स्क्रीन काळीच. दुरुस्तीवाला म्हणाला मदरबोर्ड गेला, नवा घ्या आणि जुन्यातलं विसरा. पण कसं विसरू, बाबांच्या आठवणी मी त्यांच्याशेजारी बसून टाइप केल्या होत्या, आता ते नाहीत आणि ती फाइल फक्त त्याच डिस्कवर आहे, बॅकअप नाही. नवीन लॅपटॉप आणलाय, विंडोजचाच. फाइल निघेल का? आणि फायरफॉक्सचे बुकमार्क, पासवर्ड, थंडरबर्डमधले मेल, ते पण मिळतील का गेलेच समजायचं?

प्रतिसाद १:
मदरबोर्ड गेला म्हणजे डिस्क गेली असं अजिबात नाही, बहुतेक वेळा ती धडधाकट असते. डिस्क बाहेर काढा आणि सॅटा टू यूएसबी अडॅप्टरने लॅपटॉपला जोडा. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क असेल तर वेगळा पॉवर सप्लाय असलेलाच अडॅप्टर घ्या, कारण तिला १२ व्होल्ट लागतात आणि साध्या यूएसबीतून ५च मिळतात, मग डिस्क फिरतच नाही आणि माणसाला वाटतं मेली.

जोडल्यावर विंडोजने "फॉरमॅट करायचं का" विचारलं तर कॅन्सल, काहीही झालं तरी कॅन्सल! युजर्समधलं तुमच्या नावाचं फोल्डर उघडताना परवानगी नाही असं येईल, तिथे कंटिन्यू दाबा आणि थांबा, वेळ लागतो. कुलूप दिसलं तर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) आहे, त्याची ४८ आकडी रिकव्हरी की लागेल, मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह झालीय का बघा.

प्रतिसाद २:
वरच्यांनी सांगितलं ते बरोबरच, पण डिस्कमधून टक टक आवाज आला तर लगेच बंद करा. परत परत चालू करून बघू नका, तेवढ्यानेच उरलंसुरलं जातं. अशा वेळी डेटा रिकव्हरीवाल्यांकडेच द्यायची. आवाज नाही पण कॉपी मध्येच अडकतेय असं असेल तर लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामने आधी अख्ख्या डिस्कची इमेज (म्हणजे हुबेहूब प्रत) घ्यायची आणि मग जे काय शोधायचं ते त्या इमेजमध्ये.

प्रतिसाद ३:
सेटिंगचं सांगतो. तुमच्या युजर फोल्डरमध्ये ॲपडेटा नावाचं फोल्डर असतं, ते लपलेलं असतं म्हणून व्ह्यूमध्ये जाऊन हिडन आयटम्स चालू करा. त्यात रोमिंग, त्यात मोझिला, फायरफॉक्स, प्रोफाइल्स. बुकमार्क आणि पासवर्ड दोन्ही तिथेच. नव्या लॅपटॉपवर फायरफॉक्स आधी अपडेट करा (जुन्या व्हर्जनला नवीन प्रोफाइल चालत नाही), मेनूतल्या हेल्पमधून ट्रबलशूटिंगच्या पानावर जा, तिथून प्रोफाइल फोल्डर उघडा, मग फायरफॉक्स पूर्ण बंद करून जुन्या प्रोफाइलच्या आतलं सगळं त्यात टाका. प्रायमरी पासवर्ड (सेव्ह केलेले बाकीचे पासवर्ड उघडणारा मुख्य पासवर्ड) ठेवला असेल तर तो आठवायला हवा. थंडरबर्डचंही असंच, रोमिंगमध्येच त्याचं फोल्डर आहे.

क्रोमचे बुकमार्क येतात, पण पासवर्ड जुन्या विंडोज युजरशी बांधलेले असतात, नुसती फाइल उचलून उघडत नाहीत, सिंक चालू असेल तरच मिळतात. आणि प्रोग्राम फाइल्स कॉपी करत बसू नका, सॉफ्टवेअर नव्याने इन्स्टॉलच करावं लागतं.

मूळ प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. पहिला अडॅप्टर बिनपॉवरचा आणला होता, डिस्क गप्पच, जीव नुसता टांगणीला लागला. दुसरा लावला तर घूं करून फिरली आणि ई ड्राइव्ह म्हणून दिसली. बाबांची फाइल डॉक्युमेंट्समध्ये नव्हती, डेस्कटॉपच्या फोल्डरमध्ये सापडली, ४१ पानं, शेवटचं वाक्य तेव्हा अर्धवट राहिलं होतं तसंच आहे. ती आधी लॅपटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवर घेतली. बुकमार्कही आले. थंडरबर्ड अजून करायचंय, पण एक विचारतो, मेल खूप आहेत, लोकल फोल्डर्समधले (कॉम्प्युटरवरच साठवलेले) पण येतील ना?

प्रतिसाद ३:
येतील, पूर्ण प्रोफाइल घेतलं की लोकल फोल्डर्स त्यातच असतात. फक्त कॉपी करताना थंडरबर्ड बंद ठेवा, आणि सगळं नीट दिसेपर्यंत जुन्या डिस्कवर काही लिहू नका.